टीव्ही चालू, पडदा काळा: हॉटप्लगच्या एका ठिगळाची तपासणी

गिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सातलाच रांग लागते. सगळे उपाशीपोटी आलेले, हातात टोकनची चिठ्ठी, नजर भिंतीवरच्या टीव्हीकडे. रात्री लॅब बंद करताना टीव्हीचं बटण भिंतीवरच बंद करतात आणि सकाळी पुन्हा चालू करतात. टीव्ही चालू होतो, दिवा लागतो आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. मग तिथला मुलगा स्टुलावर चढतो, टीव्हीमागे हात घालून केबल उपसतो आणि पुन्हा खोचतो. लगेच नंबर दिसायला लागतात. मी तिथे उभा होतो त्या दिवशी एक आजी दोनदा काउंटरपाशी जाऊन आल्या. "अहो, माझा नंबर होऊन नाही ना गेला? मला चक्कर येतेय."

टीव्हीमागे चिकटवलेल्या छोट्या संगणकातला ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारी चिप चालवणारा प्रोग्रॅम, आमच्या टीमकडे आहे. म्हणून हे प्रकरण आमच्याकडे आलं. आमच्याकडच्या एका नव्या मुलीने त्यावर अकरा ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहिला आणि तो तपासायचं काम माझ्याकडे आलं. ड्रायव्हरमध्ये असा आडमार्गाचा उपाय घालतात त्याला वर्कअराउंड म्हणतात. मी त्याला ठिगळ म्हणतो, कारण ठिगळ वाईट नसतं. फक्त कुठे फाटलंय ते नीट बघून लावावं लागतं.

मुळात केबल खोचल्यावर संगणकाला कसं कळतं, तिथून सुरुवात करू.

टीव्हीला लावतात ती केबल एचडीएमआयची. तिच्या नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. बहुतेक पिना चित्र आणि आवाज वाहून नेतात. आपल्याला हव्यात त्या शेवटच्या काही. १८ नंबरच्या पिनेवरून संगणक टीव्हीला ५ व्होल्ट देतो. १९ नंबरची पीन उलट्या दिशेची. टीव्ही तिच्यावर व्होल्टेज चढवतो आणि सांगतो, "मी इथे आहे, माझी माहिती वाचायला ये." हीच हॉटप्लग डिटेक्टची, म्हणजे चालू संगणकाला केबल लागली की निघाली ते सांगणारी पीन. संगणकाने तिच्यावर २ व्होल्टच्या वर काही दिसलं तर 'आहे' समजायचं, ०.८ च्या खाली दिसलं तर 'नाही'. मधल्या पट्ट्यात काय समजायचं याची हमी कुणीच देत नाही. हा मधला पट्टा लक्षात ठेवा, पुढे तो भेटणार आहे.

पीन वर गेली की ग्राफिक्स चिप प्रोसेसरला हाक मारते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. मग ड्रायव्हर १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीचा बायोडेटा मागतो. याचं नाव ईडीआयडी. लग्नाच्या बायोडेटासारखाच मामला: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, पडदा किती सेंटिमीटरचा, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात, आवाज घेता येतो का. त्याचं मुख्य पान फक्त १२८ बाइटचं असतं. पहिले आठ बाइट ठरलेले: एक शून्य, मग सहा वेळा २५५, मग पुन्हा शून्य. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की १२८ बाइटची बेरीज केली तर २५६ ने नि:शेष भाग जातो. बेरीज जमली नाही तर वाचनात गडबड झाली हे ड्रायव्हरला कळतं.

बायोडेटा मिळाला की ड्रायव्हर वरच्या सॉफ्टवेअरला कळवतो, ते रिझोल्यूशन ठरवतं आणि चित्र सुरू होतं.

आता गिरगावकडे. त्या मुलीने पॅचबरोबर लॉगचा, म्हणजे ड्रायव्हरने ठेवलेल्या नोंदींचा, तुकडा जोडला होता आणि तो मला पॅचपेक्षा जास्त आवडला. पीन वर गेल्याची नोंद. त्यानंतर ४० मिलिसेकंदांनी बायोडेटा मागितला, उत्तर नाही. लगेच पुढची ओळ: 'डिस्कनेक्टेड'. त्यानंतर सहा मिनिटं लॉगमध्ये एक अक्षर नाही. मग पीन खाली, पीन वर, बायोडेटा मिळाला, चित्र सुरू. म्हणजे त्या सहा मिनिटांच्या शेवटी मुलगा स्टुलावर चढला होता.

काय झालं असेल ते यातून उलगडतं. काही टीव्हींमध्ये बायोडेटा एका वेगळ्या बारक्या चिपमध्ये असतो आणि तिला संगणकाकडून आलेले ५ व्होल्टच पुरतात. टीव्ही बंद असला तरी ती उत्तर देते. काही टीव्हींमध्ये मात्र उत्तर द्यायचं काम टीव्हीच्या मुख्य प्रोसेसरकडे असतं आणि तो स्वतःच अजून उठत असतो. लॅबमधला टीव्ही दुसऱ्या जातीचा. त्याने घंटी वाजवली, आमचा ड्रायव्हर पळत दाराशी गेला, तिथे कुणी बोलेना, तेव्हा 'कुणीच नाही' अशी नोंद करून तो परत येऊन बसला. घंटी पुन्हा वाजणार नव्हती, कारण पीन वरच होती. इंटरप्ट येतो तो पातळी बदलली तरच. केबल उपसून खोचली की पातळी बदलते आणि तोवर टीव्ही पूर्ण जागा झालेला असतो. स्टुलावरच्या मुलाला हे काही ठाऊक नसताना तो नेमका योग्य उपाय करत होता.

तिचा पॅच असा होता: पीन वर गेली की ५०० मिलिसेकंद थांबायचं, मग बायोडेटा मागायचा.

"सर, सात दिवस झाले, एकदाही स्टूल लागलं नाही."

"छान. पण ५०० कुठून आले?"

"२०० ने जमत नव्हतं. ५०० ने जमलं."

हे उत्तर प्रामाणिक आहे आणि बहुतेक ठिगळांचा जन्म असाच होतो. पण त्यातून एवढंच कळतं की त्या टीव्हीला त्या आठवड्यात अर्धा सेकंद पुरला. पुढच्या वर्षी टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि त्याला उठायला दोन सेकंद लागायला लागले तर आजी पुन्हा काउंटरपाशी. म्हणून माझा पहिला आक्षेप आकड्याला नव्हता. नेमकी कशाची वाट बघतोय तेच पॅच सांगत नव्हता, याला होता.

दुसरा आक्षेप: थांबायचं, पण कुठे उभं राहून? इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये झोपता येत नाही, लिनक्सचा कर्नल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिथेच आरडाओरडा करतो. हे तिला माहीत होतं. तिने थांबायचं काम नंतर सावकाश चालणाऱ्या भागात टाकलं होतं, तेही बरोबर. पण तो भाग चालतो तेव्हा पडद्यांच्या रचनेचं एक सामाईक कुलूप त्याच्या हातात असतं. किल्ली घेऊन अर्धा सेकंद झोपलात तर पडद्यांबद्दल काही विचारायला आलेला दुसरा प्रत्येक प्रोग्रॅम दाराबाहेर ताटकळतो. दोन पडद्यांवर काम करणाऱ्या माणसाने तिसरी केबल लावली की सगळंच क्षणभर अडकल्यासारखं वाटेल. त्याला कारण कधीच कळणार नाही, तो फक्त संगणक बदलायचा विचार करेल.

तिसरा आक्षेप सगळ्यात मोठा. तो कोड फक्त एचडीएमआयचा नव्हता. डिस्प्लेपोर्ट, म्हणजे मॉनिटर जोडायची दुसऱ्या जातीची केबल, तिची घंटीसुद्धा त्याच वाटेने यायची.

बेस्टच्या बसमधली कंडक्टरची दोरी आठवते ना? एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. दोरी तीच, पण कशी ओढली यावर अर्थ ठरतो. हॉटप्लगची पीनही तशीच. एचडीएमआयमध्ये टीव्हीने पीन निदान १०० मिलिसेकंद खाली नेऊन वर आणली तर त्याचा अर्थ, 'बायोडेटा बदललाय, पुन्हा वाच.' डिस्प्लेपोर्टमध्ये मॉनिटरने अर्धा ते एक मिलिसेकंद इतकाच झटका दिला तर तो केबल निघाल्याचा निरोप नसतो. 'जरा इकडे लक्ष दे' एवढंच त्याला म्हणायचं असतं. चित्र वाहून नेणारा दुवा ढिला पडला की मॉनिटर असाच झटका देतो आणि ड्रायव्हरने लगेच जाऊन तो दुवा पुन्हा जुळवायचा असतो. पीन दोन मिलिसेकंदांहून जास्त खाली राहिली तरच केबल निघाली असं समजायचं. अशा व्यवस्थेत सगळ्यांच्या वाटेत ५०० मिलिसेकंदांची झोप टाकली तर गिरगावातल्या टीव्हीसाठी दुसऱ्याच कुणाच्या तरी मॉनिटरवर अर्धा सेकंद अंधार पडतो. डबल बेल दिली आणि ड्रायव्हरने ती अर्ध्या मिनिटाने ऐकली, तर बस स्टॉपवर उभीच.

मी हे लिहून पाठवलं. तिने दोन दिवसांनी दुसरा पॅच आणला. आता झोप नव्हती, त्याऐवजी पोलिंग होतं. म्हणजे घंटीवर विसंबायचंच नाही, ठरावीक वेळाने दार उघडून बघायचं. लिनक्समध्ये ही सोय आधीपासून आहे. ज्या जोडणीची घंटी भरवशाची नाही ती तशी नोंदवली की कर्नल दर १० सेकंदांनी जाऊन बघतो. तिचा युक्तिवाद सरळ होता: सोय कर्नलचीच आहे, मी नवीन काही लिहिलेलं नाही.

पोलिंगला मी सरसकट नाही म्हणत नाही. ज्या बोर्डांवर ही पीन जोडलेलीच नसते तिथे दुसरा उपायच नाही. पण हिशेब मांडून बघायला हवा. दर १० सेकंदांनी म्हणजे दिवसाला ८,६४० फेऱ्या. बायोडेटाची तार १०० किलोहर्ट्झच्या चालीने चालते, १२८ बाइट वाचायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. भिंतीवरच्या संगणकाला हे काहीच नाही. पण हाच ड्रायव्हर लॅपटॉपवरही चालतो आणि तिथे बॅटरी वाचवायला झोपवलेल्या चिपला दर १० सेकंदांनी उठवणं म्हणजे तिला झोपवण्यात अर्थच राहत नाही. त्यात एखाद्या फेरीत वाचन चुकलं तर ड्रायव्हर 'पडदा गेला' म्हणून जाहीर करतो, पुढच्या फेरीत 'आला' म्हणतो आणि तेवढ्यात सगळ्या खिडक्या एका पडद्यावरून दुसऱ्यावर ढकलल्या जातात. सभेत बोलायला उभ्या असलेल्या माणसावर असा प्रसंग आलेला मी पाहिला आहे.

पोलिंगचं योग्य ठिकाण कोणतं, याचं चांगलं उदाहरण इंटेलच्या आय-९१५ या ड्रायव्हरमध्ये आहे. घंटी वेड्यासारखी वाजायला लागली, कुणीतरी बोट ठेवूनच उभं राहिल्यासारखी, तर त्याला तिथे वादळ म्हणतात. ड्रायव्हर एका सेकंदातल्या घंट्या मोजतो. लांब घंटीला १० गुण, छोट्या झटक्याला १. बेरीज ५० च्या पुढे गेली की त्या पिनेचा इंटरप्ट बंद करतो, तेवढ्यापुरता पोलिंगवर जातो आणि दोन मिनिटांनी घंटी पुन्हा चालू करून बघतो. यात मला आवडतं ते हे की उपाय फक्त आजारी पिनेला मिळतो, तोही आजार दिसल्यावर, आणि औषध आपोआप बंद होतं.

"मग सर, फक्त त्या टीव्हीचं नाव यादीत टाकूया का?" तिने विचारलं. अशा याद्या असतात. कर्नलमध्ये विचित्र वागणाऱ्या मॉनिटरांचा एक तक्ता आहे, बायोडेटावरून ओळखून त्यांना वेगळी वागणूक देतात. विचार चांगला होता. पण दोन मिनिटं गप्प बसून तिचीच ती म्हणाली, "नाही, बायोडेटाच मिळत नाहीये. नाव कुठून कळणार?" तक्ता करायचाच तर टीव्हीचं नाव घालता येणार नाही, संगणकाच्या बोर्डचं घालावं लागेल. आणि तो बोर्ड शंभर जागी धडधाकट टीव्हींना जोडलेला आहे.

इथून पुढचं काम तिनेच केलं. तिसऱ्या पॅचमध्ये झोपही नव्हती आणि पोलिंगही नव्हतं. पीन वर आहे आणि तरी बायोडेटा मिळत नाही, एवढ्या एकाच परिस्थितीत ड्रायव्हर आता 'कुणीच नाही' म्हणत नाही. एका सेकंदाने पुन्हा येतो असं म्हणून कुलूप सोडतो आणि जातो. असं जास्तीत जास्त पाच वेळा. निरोगी टीव्ही पहिल्याच हाकेला उत्तर देतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला हा कोड कधी येतच नाही. डिस्प्लेपोर्टच्या छोट्या झटक्याला तो शिवत नाही. लॅपटॉपची बॅटरी खात नाही. आय-९१५ मध्येही एका सेकंदाने पुन्हा बघायची अशीच सोय आहे, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नव्हती. ठिगळ तपासताना मी मनाशी एकच प्रश्न सगळ्यात वर ठेवतो: ज्याला हा आजार नाही त्याला याची किती किंमत मोजावी लागते? या पॅचचं उत्तर शून्याच्या जवळ होतं.

तरी दोन गोष्टी राहिल्या होत्या. 'एका सेकंदाने येतो' असं सांगून ठेवलेलं काम मधल्या काळात रद्द करता यायला हवं. त्या सेकंदात केबल निघाली, संगणक झोपायला गेला किंवा ड्रायव्हरच काढून टाकला, तर ते काम उठून जिथे काहीच उरलेलं नाही तिथे हात घालतं आणि सगळा संगणक कोसळतो. तिने केबल निघाल्यावर रद्द केलं होतं, बाकीच्या दोन वाटा विसरली होती. मीही पहिल्या वाचनात फक्त एकच पकडली. दुसरी सापडली ती पॅच कागदावर छापून, प्रत्येक वाटेवर पेन्सिलने बाण काढल्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे पाचची मोजणी पुन्हा शून्यावर कधी आणायची? तिने ती प्रत्येक इंटरप्टवर आणली होती. इथे तो मधला पट्टा भेटला. याच लॅबच्या वरळीतल्या, समुद्राजवळच्या शाखेत केबलच्या टोकावर हिरवट थर चढला होता. खाऱ्या हवेत पावसाळाभर राहिल्यावर असं होतं. १९ नंबरच्या पिनेवर मल्टीमीटर लावला तर दीड व्होल्टच्या आसपास, म्हणजे ना 'आहे' ना 'नाही'. चिप कधी असं समजायची, कधी तसं, आणि घंटी अखंड वाजायची. प्रत्येक घंटीला मोजणी शून्यावर आली तर पाचची मर्यादा कधी संपणारच नाही. तिने ते बदललं, मोजणी आता बायोडेटा मिळाल्यावर किंवा पीन बराच वेळ खाली राहिल्यावरच पुसली जाते. केबलचं म्हणाल तर तिथे कोडचा काही संबंध नव्हता. लॅमिंग्टन रोडवरून नवी केबल आणली आणि लावली.

हे सगळं चालू असताना बाकीच्या शाखांना वाट बघायला लावणं बरोबर नव्हतं. लिनक्स सुरू होताना कर्नलला सांगता येतं की ही जोडणी कायम चालूच आहे असं समज, पीन काहीही म्हणो. रिझोल्यूशनही तिथेच लिहून देता येतं. आम्ही ते केलं आणि चित्र लगेच आलं. केबल कधी हलतच नाही अशा जागी ही तडजोड चालण्यासारखी आहे. पण तिसऱ्या दिवशी एका शाखेतून फोन आला की नंबर दिसतात, पण पुकारा ऐकू येत नाही. रात्री संगणक रीस्टार्ट झाला होता आणि तेव्हा टीव्ही बंद होता. बायोडेटा नाही म्हणजे टीव्ही आवाज घेतो की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि मग ड्रायव्हर आवाज पाठवतच नाही. रांगेतल्या ज्यांना लांबचं नीट दिसत नाही त्यांना तो पुकाराच हवा असतो. तिथे आम्ही तात्पुरता वेगळा स्पीकर लावून दिला.

चौथी आवृत्ती मी मान्य केली. पॅचच्या वर तिने पाच ओळींची टीप लिहिली आहे: कोणत्या परिस्थितीत पडदा काळा राहतो, लॉगमध्ये काय दिसतं, एक सेकंद आणि पाच वेळा हे आकडे कसे ठरले, आणि बायोडेटा नंतर मिळतो हे कसं मोजलं. गिरगावात टीव्ही दुसऱ्या हाकेला उत्तर देतो.

एक शंका अजून उरली आहे. ती तिनेच काढली. लाइट जाऊन आली तर संगणक आणि टीव्ही एकाच वेळी उठतात आणि टीव्ही तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. परळच्या शाखेतला टीव्ही जुना आहे, त्याला पाच हाका पुरतील का ते माहीत नाही. उद्या सकाळी लॅब उघडायच्या आत ती तिथे जाणार आहे. मेन स्विच बंद करून, पुन्हा चालू करून, पडद्यावर पहिला नंबर येईपर्यंतचे सेकंद ती वीस वेळा मोजणार आहे.